सिनेमाबद्दल मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण परळ-लालबागमध्ये गेलं. भारतमाता थिएटर पायी जाण्याच्या अंतरावर आणि दादरचं प्लाझा चार आण्याच्या बसवर, त्यामुळे सिनेमाचं वेड लागायला वेगळं कारण लागलं नाही. नोकरी केली, संसार केला, निवृत्त झाले, पण पिक्चरला जाणं सुटलं नाही. आता भाचरं, पुतण्या, सोसायटीतल्या बायका आणि त्यांच्या सुना सगळ्या तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी फोनवर अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

चांगला सिनेमा ओळखायचा कसा?

नायक-नायिकेकडे पाहू नका. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांकडे पाहा. चहा आणून देणारा पोऱ्या, शेजारीण, हवालदार, हिरोचा तो एक मित्र. कॅमेरा येण्याआधी ही माणसं काहीतरी करत होती आणि कॅमेरा गेल्यावरही काहीतरी करणार आहेत, असं वाटलं की समजावं, दिग्दर्शकाने मन लावून काम केलंय. ती नुसती हिरो कधी बोलतो याची वाट पाहत ताटकळत उभी असतील, तर पुढचे दोन तास कसे जाणार हेही तिथेच कळतं.

चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ घ्या. 2014 साली व्हेनिसला त्याचं कौतुक झालं, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. खटला आहे एका लोकशाहिरावर. पण सिनेमा कोर्ट सुटल्यावर सरकारी वकील बाईंच्या मागे त्यांच्या घरी जातो. बाई लोकलने घरी येतात, मुलाला आणतात, स्वयंपाकाला लागतात. दुपारी ज्या बाईचा आपल्याला राग आला होता, तिला संध्याकाळी पोळ्या करताना बघून आपण गोंधळतो, कारण ती आपल्याच बिल्डिंगमधली आहे. बचावाचा वकील मोठ्या दुकानात वाइन आणि चीज घेतो. न्यायाधीश सुट्टीत नातेवाइकांबरोबर रिसॉर्टवर जातात. खटल्याच्या दृष्टीने यातलं काहीच ‘लागत’ नाही. एखाद्या हुशार निर्मात्याने हे सगळं कापून सिनेमा अर्ध्या तासाने छोटा केला असता. मग उरला असता फक्त अन्यायाचा निबंध.

हे फक्त गंभीर सिनेमाला लागू आहे असं समजू नका. ‘शोले’ आठवून पाहा. सांभाला बोलायला जेमतेम काही शब्द आहेत, तरी त्याचं नाव पन्नास वर्षांनी पोरासोरांना माहीत आहे. मौसी, सूरमा भोपाली, जेलर, इमामसाहेब, त्यांचा मुलगा अहमद (तो आपला सचिन पिळगावकर). गावात माणसं राहतात असं आधी पटतं, म्हणून डाकू आल्यावर भीती वाटते. नंतर आलेल्या नकलांमध्ये घोडे होते, दऱ्या होत्या, दाढीवाले डाकू होते. गावच नव्हतं.

म्हणजे गोष्ट महत्त्वाची नाही?

आहे, पण ‘पुढे काय होणार’ म्हणजे गोष्ट नव्हे. 1936 साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहायला गेलेल्या एकाही माणसाला शेवट माहीत नव्हता असं नाही. गाथा तरणार, विमान येणार, सगळ्यांना पाठ. तरी गर्दी झाली, आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही तो गौरवला गेला.

मला विचाराल तर ते यश जितकं तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचं, तितकंच जिजाईचं काम करणाऱ्या गौरीबाईंचं आहे. तुकोबा देवाशी बोलताहेत आणि घरात दाणा नाही, ही गोष्ट कोणाला तरी मोठ्याने बोलायला हवी होती. ती म्हशीवर, नवऱ्यावर आणि विठोबावर सारख्याच आवाजात ओरडते. पोर आजारी पडल्यावर चप्पल घेऊन थेट देवळात जाते. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी तिला कजाग बायको म्हणून हसण्यावारी नेलं असतं तर तुकाराम कॅलेंडरवरचे राहिले असते. तिच्यामुळे ते देहूत राहतात.

सिनेमा उत्तरार्धात का घसरतो?

कारण पुष्कळ पटकथा मध्यंतरासाठी लिहिल्या जातात. आपल्याकडे मध्यंतर हा खाण्यापिण्याच्या धंद्याचा भाग आहे, तो असणारच. मग लेखक पहिल्या सव्वा तासात सगळा दारूगोळा वापरून एका जोरदार धक्क्यावर दिवे लावतो. लोक समोसे घेऊन परत येतात, आणि आता सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. मग एक फ्लॅशबॅक येतो. मग एक दुःखी गाणं. मग खलनायक कोणाला तरी पळवून नेतो.

‘सैराट’ने उलट केलं, म्हणून मला तो अभ्यासाला लावावासा वाटतो. पहिला भाग म्हणजे विहीर, ऊस, क्रिकेट, झिंग. लोक खुर्च्यांवरून उठून नाचत होते. दुसऱ्या भागात हैदराबादची झोपडपट्टी, पाण्याच्या लायनी, दूषित वातावरण, पैशावरून भांडणं आणि संशय. बरोबरच्या बायका कुरकुरल्या, ‘आता बोअर झालाय.’ दिग्दर्शक नागराज मंजुळेंना तेच हवं होतं, असं माझं मत. पळून जाण्यात गाणं असतं. भाड्याच्या खोलीत नसतं. ती कंटाळवाणी चाळीस मिनिटं सोसलीत, तर शेवटी पोटात खड्डा पडतो. तेवढीच कापा, शेवट नुसता धक्का उरेल.

गाणी असावीत की नसावीत?

असावीत. ‘गाणी नाहीत’ हे सांगून दर्जा सिद्ध करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. गाण्याआधी पात्र जिथे होतं तिथेच गाण्यानंतर असेल, तर मात्र ते गाणं नसून लघवीला जायची वेळ आहे.

पार्श्वसंगीताबद्दल तुम्ही इतक्या चिडता का?

कारण ते मला मूर्ख समजतं. आई रडतेय हे दिसतंय ना मला? मग चार डझन व्हायोलिनं कशाला? हल्ली तर हिरो नुसता गाडीतून उतरला तरी ढोल, शंख आणि खाली घुमणारा तो घूं-घूं आवाज सुरू होतो. उतरू दे की बिचाऱ्याला.

1937 साली व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’त पार्श्वसंगीत जवळजवळ टाळलं होतं. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, बाहेरचे आवाज, एवढ्यावर सिनेमा चालतो. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या पोरीची घुसमट त्या टिकटिकीतून अंगावर येते. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती, आवाजाचं अप्रूप होतं, आणि या माणसाने आवाज कमी करायची हिंमत केली. आता थिएटरात भिंतीभिंतीवर स्पीकर आहेत आणि कोणाला शांतता परवडत नाही.

पुन्हा ‘सैराट’च घेते. अजय-अतुलनी त्यातली गाणी हॉलिवूडमध्ये जाऊन सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केली. एवढा ऐवज हाताशी असताना शेवटच्या दृश्यात दिग्दर्शकाने आवाजच काढून घेतला. भरलेल्या थिएटरात कोणी वेफर्सचं पाकीटसुद्धा वाजवत नव्हतं.

अभिनय चांगला आहे हे कसं कळतं? मला सगळेच बरे वाटतात.

जो बोलत नाहीये त्याच्याकडे बघा. दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट पाहणारा नट लगेच दिसतो; त्याचे डोळे आपलं पुढचं वाक्य शोधत असतात. ‘सिंहासन’मध्ये निळू फुले पत्रकार आहेत, दिगू टिपणीस. बाकी सगळे मंत्री-संत्री बोलत असतात आणि हा ऐकत असतो. आख्ख्या राज्याचं राजकारण मला त्या ऐकणाऱ्या चेहऱ्यावरून कळलं. ज्या नटाला महाराष्ट्र पाटलाच्या भूमिकांमुळे शिव्या देत होता, त्याने एवढं थोडं करून दाखवलं.

खलनायक कसा हवा?

स्वतःला खलनायक न समजणारा. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखाना चालवतो, गावाला पोसतो, आणि आपण उपकारकर्ते आहोत यावर त्याची मनापासून श्रद्धा आहे. एक दारुडा मास्तर येऊन मारुती कांबळेचं काय झालं ते विचारत राहतो, तेव्हा पाटलाला आधी राग येत नाही, नवल वाटतं. विजय तेंडुलकरांच्या लेखणीची करामत ती. पांढरे कपडे, काळा गॉगल आणि गडगडाटी हसू एवढ्यावर भागवणारे खलनायक मला घाबरवत नाहीत. त्यांना घरी कोणी ओळखतं का, अशी शंका येते.

विनोदी सिनेमे आता पूर्वीसारखे का होत नाहीत?

‘पूर्वीसारखे’ म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर ‘अशी ही बनवाबनवी’च असतो, मला माहीत आहे. 1988 सालीही फालतू विनोदी सिनेमे भरपूर निघत होते. ते विसरले गेले, इतकंच.

‘बनवाबनवी’ का टिकला याचं उत्तर अशोक-लक्ष्या-सचिन एवढंच देऊ नका. त्यातली अडचण खरी आहे. पुण्यात खोली मिळत नाही. चार माणसांच्या डोक्यावर छप्पर नाही, म्हणून दोघांना साडी नेसावी लागते. नेसणं गंमतीचं असलं तरी कारण पोटातलं आहे, त्यामुळे पदर सरकला की आपल्यालाही धस्स होतं. शिवाय सुधीर जोशींचे घरमालक आणि नयनतारांच्या लीलाबाई काळभोर. ही दोन्ही माणसं विनोद करतच नाहीत. ती आपापल्या घराची काळजी करतात. वसंत सबनीसांच्या संवादांतलं हे शहाणपण नंतरच्यांनी उचललं नाही. त्यांनी साडी तेवढी उचलली.

आताच्या बऱ्याच विनोदी सिनेमांत प्रत्येक जण विनोदी असतो. हवालदार तोतरा, मामा बहिरा, नोकर वेंधळा. मग हसायचं कोणाला आणि कोणाच्या बाजूने?

दादा कोंडके आवडतात का? खरं सांगा.

खरं सांगते, आवडतात. सगळे नाहीत. नऊ सिनेमांचे रौप्यमहोत्सव म्हणून त्यांचं नाव गिनीज बुकात गेलं, ते नुसत्या द्वयर्थी बोलण्यावर जात नाही. 1971 साली ‘सोंगाड्या’ दादरच्या कोहिनूरला लागण्यावरून वाद झाला आणि शिवसेनेला मध्ये पडावं लागलं, ही गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. गिरणीतून सुटलेला माणूस पडद्यावर आपल्यासारखाच बावळट, हाफ पँटची नाडी लोंबणारा हिरो पाहत होता. दुसऱ्या कुठल्या पडद्यावर तो नव्हता. पुढे पुढे मात्र नाडीच उरली, माणूस गेला. तिथे मी थांबले.

ऐतिहासिक सिनेमांना हल्ली तुम्ही का जात नाही?

जाते. पण घोषणा आणि संथ गतीतली तलवार यांच्यामध्ये कोणी जेवताना दिसलं की मला बरं वाटतं, आणि तसं फार वेळा होत नाही. मोठ्या माणसाला पडद्यावर आणलं की त्याच्याभोवतीची सगळी माणसं पुतळे होतात. नमस्कार करायला गेलेल्या प्रेक्षकाला ते चालतं. मी सिनेमा बघायला गेलेली असते.

परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) मला म्हणून फार आवडतो. फाळके हा केवढा मोठा माणूस. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवून त्यांनी या देशात सिनेमाचा धंदा सुरू केला. पण मोकाशींचे फाळके घरातलं सामान विकणारे, मुलांशी खेळणारे, जरासे चक्रम गृहस्थ आहेत. सरस्वतीबाई सगळ्यात हात घालतात. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळत नाही म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंकेंना उभं केलं जातं, आणि मिशी काढायची की नाही यावर केवढी चर्चा! आदर कुठेही कमी होत नाही. उलट, हे सगळं हसत-खेळत पार पाडणाऱ्या माणसाबद्दल तो वाढतो.

पुरस्कार मिळालेले सिनेमे इतके संथ का असतात?

सगळे नसतात. संथ आणि रिकामा यांत फरक करा. ‘श्वास’मध्ये आजोबा आणि नातू हॉस्पिटलात नुसते बसलेले असतात, पण तुम्हाला ठाऊक असतं की उद्या ऑपरेशन आहे आणि त्यानंतर या पोराला दिसणार नाही. त्यामुळे तो बसलेला वेळही तणावाचा असतो. याउलट डोंगर, धुकं, खिडकीत बसलेली बाई, पुन्हा डोंगर, असा सिनेमा असेल आणि बाई कशासाठी बसली आहे हे दिग्दर्शकालाही माहीत नसेल, तर खुशाल डुलकी काढा. महोत्सवांत शेजारचे दाढीवालेही काढतात.

भाषेवरून तुम्ही सिनेमे नापास करता म्हणे?

करते. शेतकरी सोलापूरचा, डॉक्टर विदर्भातला, कोळीण मुंबईची, आणि तिघंही सदाशिव पेठेत वाढल्यासारखे बोलतात. किंवा त्याहून वाईट, तिघंही ‘आरं’, ‘गं बया’ असं कुठल्याच गावात न बोललं जाणारं ‘गावरान’ बोलतात. ‘सैराट’मधली आर्ची करमाळ्याकडचं बोलली आणि कोणाला तळटीप लागली नाही. मुंबई-पुण्याच्या पोरी तिच्यासारखं बोलायला लागल्या.

रिमेक वाईटच असतो का?

मुळीच नाही. ‘बनवाबनवी’ हाच मुळात हृषीकेश मुखर्जींच्या 1966 सालच्या ‘बीवी और मकान’वरून आला आहे, आणि मूळ हिंदी सिनेमा आज किती जणांनी पाहिलाय? रिमेक करणाऱ्याने गोष्ट आपल्या मातीत पुन्हा रुजवली की ती त्याची होते. ‘सैराट’चा हिंदी अवतार उदयपूरच्या राजवाड्यांत गेला, आणि तिथे पोचेपर्यंत जात हा विषय चार वाक्यांपुरता उरला. विहिरीत उडी मारायची पण ओलं व्हायचं नाही, असा प्रकार.

परीक्षण वाचून जावं का?

येऊन वाचावं.

कोणी शेवट सांगितला तर?

काही बिघडत नाही. वर तुकाराम सांगितला आहेच. फक्त रहस्यपट सोडा. तिथे शेवट सांगणाऱ्याशी मी दोन महिने बोलत नाही.

आवडला नाही तर मध्येच उठावं का?

मध्यंतरात उठा, आधी नको. मागच्यांच्या गुडघ्यांचा विचार करा. मी स्वतः उठत नाही, कारण वाईट सिनेमात नेमकं कुठे फाटलं हे शोधण्यात मला भलताच रस असतो. बहुतेक वेळा ते पहिल्या वीस मिनिटांतच फाटलेलं असतं.

मोबाइलवर, घरी पाहिलं तर काय फरक पडतो?

‘फँड्री’त एक दृश्य आहे. जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावतंय, डुक्कर हाताशी आलंय, आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. सगळे जागच्या जागी ताठ उभे. डुक्कर निघून जातं. थिएटरात आम्ही आधी हसलो. मग हळूहळू हसू बंद पडलं, कोणाचं आधी, कोणाचं नंतर, आणि ते बंद पडताना ऐकू येत होतं. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड पडद्यातून सरळ आमच्याकडे आला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एकाने मान खाली घातली. घरी पाहिलंत तर सिनेमा तोच दिसेल. ही माणसं दिसणार नाहीत.

बाकी, घरी पाहण्याला माझा विरोध नाही. गुडघे दुखतात, तिकिटं महाग झाली आहेत, जुनं बरंचसं तिथेच मिळतं. फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा.

जुने सिनेमे खरंच इतके चांगले होते का?

वाईट होते ते आपल्यापर्यंत पोचलेच नाहीत, आणि दुर्दैवाने चांगल्यांपैकीही कित्येक नाहीत. जुनी नायट्रेट फिल्म कापरासारखी पेटते. 2003 साली पुण्यात लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा नायट्रेटचा मोठा साठा गेला, प्रभातचा ऐवजही त्यात होता. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण उरलेला नाही. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्यांनी जे उरलंय ते निदान एकदा पाहावं. त्यांच्यातले निम्मे पाहतच नाहीत, नुसते म्हणतात.

मराठी सिनेमा कोणत्या दिवशी पाहायला जावं?

शुक्रवारी. नाहीतर शनिवार-रविवारी. ‘पुढच्या आठवड्यात सगळ्या मिळून जाऊ’ असं ठरवलंत तर सिनेमा गेलेला असेल. सोमवारी आकडे बघून खेळ कमी करतात, उरलेला एखादा सकाळी अकराला नाहीतर भर दुपारी, आणि तोही तुमच्या घरापासून दोन गाड्या बदलून जाण्याच्या ठिकाणी. 2015 साली सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी सिनेमा सक्तीचा करायचं ठरवलं होतं. बराच आरडाओरडा झाला, आणि मग दुपारी बारा ते रात्री नऊ असा प्राइम टाइम ठरला. त्यामुळे दुपारी सव्वाबाराचा खेळही आता प्राइम टाइमच. आम्हा निवृत्त बायकांना तो सोयीचा पडतो. डबा खाऊन निघायचं, दोनशेच्या आत तिकीट मिळतं का बघायचं, आणि एसी जोरात असतो म्हणून शाल बरोबर घ्यायची.